गिरजाबाईचा वाल

आमच्या घरी भाजी आणायला मला पाठवत नाहीत. मी मेथीची जुडी उलटी धरून देठ पाहतो, मधली काडी ओढून वास घेतो आणि भाजीवालीला विचारतो, "वरचा माल आणि आतला माल एकच ना?" आदिलाबादच्या बाजारातल्या निम्म्या बायका मला लांबून पाहिलं की टोपलीवर गोणपाट ओढून घेतात. माझी बायको मंगला म्हणते, "तुम्ही रिटायर झालात, पण तुमचा संशय अजून ड्यूटीवर आहे." ती खोटं बोलत नाही.

मी बियाणे निरीक्षक होतो. नोकरीची सगळी वर्षं याच जिल्ह्यात गेली. हे खातं काय करतं ते बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगावं लागतं. तांदूळ खोटा असला तर त्याच दिवशी ताटात कळतं. बियाण्याचं तसं नाही. कपाशीला बोंडं धरली नाहीत हे दसरा-दिवाळीला कळतं, तोवर विकणारा दुकानाची पाटी बदलून मोकळा झालेला असतो. म्हणून बियाणं जमिनीत जाण्याआधीच त्याच्यावर संशय घ्यायला सरकारने एक माणूस पगार देऊन ठेवला आहे. तो मी.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे परखी. टोक असलेली पोकळ नळी. पोत्यात खुपसली की आतला दाणा घरंगळत हातात येतो. काढलेल्या नमुन्याचे तीन भाग करायचे, मालकासमोर लाखेचं सील लावायचं, एक भाग मालकाला, एक प्रयोगशाळेला, एक आपल्या कपाटात. मालक हजर पाहिजे, त्याची सही पाहिजे. सहीशिवायचा नमुना म्हणजे मूठभर दाणे, त्याला कायद्यात किंमत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो मी हजारो वेळा विचारला असेन: "माल कोणाकडून आणला?" प्रत्येकाकडे त्याच्या मागच्याची पावती पाहिजे. पावत्यांची ही साखळी धरून चालत गेलं की शेवटी एक तर खरं शेत लागतं, नाही तर साखळी फिरून पहिल्याच दुकानात येते. साखळी गोल फिरली की समजायचं, माल बनावट आहे.

एकदा भीमपूरकडच्या नाक्यावर लग्नाचं आंदण घेऊन चाललेला टेम्पो मी थांबवला होता. पलंग एक आणि नव्या गाद्या सहा. नवरा-नवरी दोन, पाहुणे आपापल्या घरी झोपणार, मग सहा गाद्या कशाला? एका गादीवर हात दाबला तर ती आतून कुरकुरली. कापसाची गादी कुरकुरत नाही. मी परखी खुपसली आणि नळीतून गुलाबी रंग दिलेली सरकी माझ्या हातात आली. कपाशीचं बंदी असलेलं बियाणं गाद्यांत शिवून चाललं होतं. नवरीचा मामा उडी मारून पळाला. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला, साहेबांनी पाठ थोपटली. लग्न मात्र खरं होतं. ती मुलगी टेम्पोत पुढे बसून रडत होती आणि मला ते रडणं नाटक वाटलं होतं. मी तिलाही खाली उतरवून तिची पिशवी तपासली. पिशवीत बांगड्या आणि एक आरसा निघाला. त्याबद्दल मी तिची माफी मागितली नाही. त्या दिवसापासून माझी अशी खात्रीच झाली की संशय घेणारा माणूस कधी चुकत नाही.

आता मी चुकलो ती गोष्ट सांगतो.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. एके दिवशी माझ्या टेबलावर एक फाइल आली. आमचे जुने कारकून तिला अजून निजामाच्या जमान्यातल्यासारखं "मिसल" म्हणायचे. नदीकाठच्या एका गावच्या बायकांच्या बचत गटाने अर्ज केला होता, की आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या होणारा वाल आमच्या गावाच्या नावाने नोंदवून घ्या. कायद्यात ही एक चांगली सोय आहे. जुनं गावठी वाण शेतकऱ्याला किंवा गावाला आपल्या नावाने नोंदवता येतं. एकदा नोंद झाली की दुसरा कोणी त्याच दाण्यावर स्वतःची चिठ्ठी डकवून विकू शकत नाही. नोंद दिल्लीला होते, पण गावात जाऊन खरं-खोटं पाहून येणारा माणूस इथला लागतो. तो अहवाल मी द्यायचा होता.

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. भीमपूरच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. हे वाचणाऱ्यांत बियाण्याच्या धंद्यातलं कोणी नसेलच असं मी कशावरून धरू?

मी गेलो तेव्हा धुळवडीला दोन दिवस होते. गावात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रचल्या होत्या. प्रत्येक घराला कुपाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण, आणि प्रत्येक कुपाटीवर वाळत आलेला वालाचा वेल. हा वाल आजकाल शहरात दिसत नाही. पॅकेटातले वाल बुटके असतात, त्यांना वर चढायला काही लागत नाही. हा चढणारा, पसरणारा, जुन्या वळणाचा. शेंग रुंद, चपटी, कडेला जांभळी. दाणा काळा, त्यावर एक पांढरी रेघ. हिरव्या शेंगांची भाजी होते, कोवळ्या दाण्यांची उसळ आणि वाळल्या दाण्यांची डाळ.

एक गोष्ट मला पहिल्यांदा खटकली. बाकी वेलावरच्या शेंगा तोडून झाल्या होत्या, पण रस्त्याकडच्या बाजूला प्रत्येक कुपाटीवर सात-आठ शेंगा मुद्दाम राखलेल्या होत्या. सगळ्यात लांब, भरलेल्या, कीड नसलेल्या. दुकानदार तपासणीच्या दिवशी चांगलं पोतं पुढे मांडतो तशा. मी वहीत लिहिलं: दर्शनी भाग सजवलेला.

गटाच्या अध्यक्ष गिरजाबाई. साठीच्या पुढच्या, काटक, बोलताना थेट डोळ्यांत पाहणाऱ्या. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. मी फॉर्म काढला. पहिला रकाना, वाणाचं नाव.

"मावशी, या वालाला काय म्हणता तुम्ही?"

"हा अनसूयेचा जी."

"अनसूया म्हणजे वाणाचं नाव?"

"नाई जी, अनसूया थे पलीकडच्या घरची. हा तिचा वाल."

अर्जदार ही, आणि वाल तिचा. मी पलीकडच्या घरी गेलो. अनसूयाबाईच्या कुपाटीवर तोच वेल, तीच जांभळी कड. विचारलं तर म्हणाली, "हा सखूचा." सखूबाई म्हणाली, "हा वच्छलाचा." मी उन्हात घरोघर फिरत राहिलो. एकही बाई वेल माझा आहे म्हणेना. सातव्या घरी एक हसऱ्या तोंडाची बाई होती. तिने पदर सावरून सांगितलं, "हा तं गिरजाबाईचा."

साखळी गोल फिरून पहिल्या दुकानात आली होती.

मी गिरजाबाईंकडे परत आलो. "हे बी अनसूयाबाईंनी तुम्हाला दिलं?"

"थे काऊन देईन?"

"मग विकत घेतलं?"

"अं हं! वालाचं बी कोनी इकत घेते का?"

"मागून आणलं?"

"मांगितलं नाई जी. मांगलेलं बी रुसते. उगवत नाई."

"दिलं नाही, विकलं नाही, मागितलं नाही. मग आलं कसं?"

दारात जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गिरजाबाई पण हसल्या. "आनलं," एवढंच म्हणाल्या.

आयुष्यभर असलं उत्तर मी एकाच प्रकारच्या माणसाकडून ऐकलं होतं. माझा चेहरा पाहून गिरजाबाईंचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, "साहेब, मांगच्या साली एक मानूस आलता. गाडी घेऊन. त्यानं मांगितलं. पाहुना मानूस, दारात येऊन हात पसरला तं नाई कसं म्हनावं? म्या देल्लं. ओंजळ भरून देल्लं. पन त्यानं इचारलंच नाई, वाल कोनाचा म्हून. नाव न इचारता नेला. अन त्या साली माह्या वेलाले मावा लागला, सारी कीड. तवाच म्या म्हनलं, आता हे कागदावर घालाच लागते."

मला वाटलं, ही गोष्ट रचलेली आहे. अर्ज करणारा प्रत्येक जण कोणी तरी चोर आला होता म्हणून सांगतो.

"बरं, मला नमुना लागेल. शंभर-दोनशे दाणे. सही करून द्या."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आज नाई जी. परवा या. धुळवडीले."

सरकारी माणसाला 'परवा या' म्हणणारा दुकानदार मधल्या दिवसात काय करतो ते मला पुरतं माहीत होतं. मी म्हणालो, "परवा जमणार नाही. आजच पाहिजे."

गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कुपाटीकडे पाहिलं. बायकांना त्यांनी हातानेच घरी जायला सांगितलं. मग माझ्याकडे पाठ केली, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

भर दुपारी मी त्या कुपाटीपाशी एकटा उभा राहिलो. हाताच्या अंतरावर त्या सात-आठ शेंगा. गल्लीत चिटपाखरू नाही. माझ्या मनात आलं, ही मला अडकवते आहे. मी शेंगेला हात लावला की दार उघडून ओरडेल, साहेबाने चोरी केली. मी दोन पावलं मागे सरलो, जीपमध्ये बसलो आणि निघालो.

अहवाल मी त्याच आठवड्यात पाठवला. सुवाच्य अक्षरात, मुद्देसूद. बियाण्याचा स्रोत संशयास्पद. अर्जदार स्वतः वाण आपले असल्याचे नाकारते. नमुना देण्याचे अर्जदाराने टाळले. अर्ज फेटाळला गेला. मला माझ्या कामाचं समाधान वाटलं, हे लपवत नाही.

त्याच सुमाराला भैंशाच्या बाजूचा एक विक्रेता माझ्याकडे एका नव्या वालाचे कागद घेऊन आला होता. अदबीने उभा राहिला. "साब, सब पेपर रेडी है, आप बस देख लीजिए." स्रोत: स्वतःचा संग्रह. तारखा, सह्या, फोटो, सगळं जागच्या जागी. एकही खाडाखोड नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या साहेबांनी मला शिकवलं होतं की ज्या कागदावर एकही खाडाखोड नाही तो दोनदा वाचावा. मी एकदाच वाचला आणि सही केली. नीटनेटका कागद पाहिला की मला बरं वाटायचं, कारण दिवसभर तो दिसत नसे.

पुढच्या वर्षी मृगाच्या तोंडावर गिरजाबाई ऑफिसात आल्या. बसने, एकट्या. मी ओळखलं, पण बसा म्हणालो नाही. त्यांनी पिशवीतून एक चकचकीत पॅकेट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. वर जांभळ्या कडेच्या शेंगेचं चित्र. भीमपूरच्या बाजारात मिळालं म्हणाल्या. पॅकेट फाडून त्यांनी दाणे माझ्या फाइलीवर ओतले. काळे, पांढऱ्या रेघेचे.

"वाचा जी. याचं नाव काय लिवलं?"

"महाराणी," मी वाचलं.

"हे कोन बाई हाय? कोन्त्या घरची?"

मी पॅकेट उलटं केलं. मागे भैंशाच्या त्याच विक्रेत्याचं नाव होतं.

"माहं नाव नका लिवू. अनसूयेचं बी नका लिवू. कोन्या एकीचं नाव लिवलं असतं तं बाकीच्या रागावल्या नसत्या. पन हे कोन? हिच्या कुपाटीवर कोन गेलतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "अन तुमी लिवलं की गिरजानं बी देल्लं नाई. म्या तं घरात गेलती ना जी. दार लावलं ना म्या. आनखीन काय कराव?"

टेबलावरचे दाणे तसेच ठेवून त्या निघून गेल्या.

घरी ऑफिसचा विषय काढायचा नाही हा माझा नियम होता. बायकोवर संशय होता असं नाही, पण तिच्या माहेरचे नातेवाईक बियाणं विकत घेतात, एवढं पुरेसं होतं. त्या संध्याकाळी मात्र मी जेवता जेवता मंगलाला सगळं सांगितलं. 'दार लावलं ना म्या' याचा अर्थ मला लागत नव्हता.

मंगला नदीपलीकडच्या गावची. तिने हातातली पोळी खाली ठेवली.

"अहो, तिने तुम्हाला बी दिलं होतं."

"दिलं? ती तर पाठ फिरवून आत गेली."

"तेच देणं." मग तिने मला समजावून सांगितलं, जसं मी नव्या कर्मचाऱ्याला परखी समजावतो तसं. वालाचं बी मागायचं नाही आणि हातावर द्यायचं नाही. धुळवडीच्या दिवशी दुसरीच्या कुपाटीवरून चोरून आणायचं. होळीला लाकडं-गोवऱ्या पळवतात आणि कोणी राग धरत नाही, तसंच. आपल्या वेलाचं आपण पेरायचं नाही. जिच्या कुपाटीवरून आणलं तिचं नाव मात्र घ्यायचं. वाल मग तिच्याच नावाने ओळखायचा. ज्या बाईकडे कोणी चोरायला येत नाही तिला वर्षभर वाईट वाटतं. म्हणून प्रत्येक बाई आपल्या सगळ्यात चांगल्या शेंगा रस्त्याच्या बाजूला राखते, आणि कोणी आलं की पाठ करून घरात जाते.

"तिने तर धुळवडीच्या आधी दोन दिवस तुमच्यासाठी पाठ केली," मंगला म्हणाली. "नियम मोडून. तुम्ही लांबून आला होतात म्हणून."

मी ताटावर बसून राहिलो. माझ्या धंद्यात याला निवड पद्धत म्हणतात. दर वर्षी प्रत्येक वेलावरच्या उत्तम शेंगा बियाण्याला राखायच्या, घरं बदलत ठेवायची, आणि प्रत्येक दाण्यावर तो जिथून आला तिचं नाव. आमच्या खात्याला इतकी वर्षं कायदा, दंड आणि लाखेचं सील वापरून जे जमलं नाही ते या बायका चोरी करून करत होत्या. साखळी गोल फिरत होती, कारण तिला गोलच फिरायचं होतं.

"पण तुला हे कसं माहीत?" मी विचारलं. अजून माझा प्रश्न हाच होता.

मंगलाने माझ्या ताटाकडे बोट केलं. वालाची भाजी होती. "तुम्ही लग्न झाल्यापासून काय खाता?"

"कमलाकाकूंचा वाल," मी म्हणालो. आमच्या घरात त्याला तेच नाव. मला वाटायचं, तिच्या माहेरच्या कमलाकाकू कुणाच्या हाती पाठवतात.

"कमलाकाकू कशाला पाठवतील? लग्नाच्या वर्षी धुळवडीला मीच चोरला होता, आणि वेल जुना झाला की माहेरी जाऊन पुन्हा चोरते. आपल्या मागच्या भिंतीवर आहे ना तो."

चोरीचा माल बियाणे निरीक्षकाच्या स्वतःच्या घरी इतकी वर्षं होता आणि तो आवडीने खात होता. मंगला आधी हसली, मग तिला राग आला. "मला एकदा विचारलं असतं तर?" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. तिचा राग बरेच दिवस टिकला, आणि तो योग्य होता.

मी दुसरा अहवाल लिहिला. पहिला चुकीचा होता असं स्वतःच्या सहीने लिहिणं किती जड जातं ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको. उत्तर आलं की नमुना जोडा, पहिल्या भेटीच्या तारखेचा, सीलबंद. तो माझ्याकडे नव्हता. हाताच्या अंतरावर असून मी घेतला नव्हता. 'महाराणी'ची नोंद तोवर झाली होती. प्रकरण बंद झालं. गावाला आपला वाल पेरायला, खायला, एकमेकींच्या कुपाटीवरून पळवायला मनाई नाही, पण गटाने चिठ्ठी लावून बाजारात विकायचं जे ठरवलं होतं ते राहून गेलं. ज्यांनी तो टिकवला त्यांच्या हातून तो माझ्या सहीने गेला. हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

निवृत्त झालो त्या वर्षी धुळवडीला मी त्या गावी गेलो. जीप नव्हती, बसने गेलो. गिरजाबाई अंगणात होत्या. मला वाटलं, हाकलून देतील. मी हात जोडले. "मावशी, माझी चूक झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाठ केली, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी चोरी केली. पाच शेंगा तोडल्या, रुमालात बांधल्या. खरं सांगतो, मधूनच मागे वळून पाहत होतो, कोणी पंचनामा करायला उभं नाही ना. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि जणू मी आत्ताच आलो अशा थाटात म्हणाल्या, "या जी साहेब, बसा."

त्या दिवशी मी पुन्हा सातही घरं फिरलो, फॉर्म न घेता. या वेळी विचारलं, त्याच्या आधी वाल कोणाचा होता? वच्छलाबाईच्या आधी राधाबुढीचा. तिच्या आधी गंगू कोलामीणीचा, ती डोंगराकडून आली होती. त्याच्या आधी एका बाईचं नाव कोणाला आठवेना, फक्त ती मुकी होती आणि तिच्या शेंगा वीतभर यायच्या, एवढं आठवलं. तहसीलच्या दफ्तरात जमिनी बापाच्या आणि नवऱ्याच्या नावाने आहेत. या बायकांची नावं फक्त वालावर होती.

आता आमच्याकडे दोन वेल आहेत, मागच्या भिंतीवर कमलाकाकूंचा आणि फाटकाजवळच्या भिंतीवर गिरजाबाईंचा. महाराणीचे टेबलावर ओतलेले दाणे मी जपून ठेवले होते, तेही एका कुंडीत लावून पाहिले. गिरजाबाईंच्या वेलाशेजारी. पान, फूल, शेंग, कड, रेघ, सगळं तेच. मी सही करून ते वहीत लिहिलं. ती वही कोणी मागणार नाही.

गिरजाबाईंच्या वेलाच्या चांगल्या शेंगा मंगलाने फाटकाकडे राखल्या. मी रोज सकाळी मोजायचो, सवय जात नाही. नऊ होत्या. या धुळवडीला दुपारी मी व्हरांड्यात पेपर वाचत असताना फाटकापाशी चाहूल लागली. शेजारच्या श्रीदेवी टीचर, तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिकवतात, मंगलाची मैत्रीण. ही रीत त्यांना मंगलानेच सांगितली असणार. मी पेपर मिटला, पाठ केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर काय होतंय ते फटीतून पाहायचा मोह झाला. पाहिलं नाही. नंतर मोजल्या तर सहा होत्या. चौकशी केली नाही.

परवा मी त्यांच्या कुंपणावरून जात होतो. जांभळी फुलं आली आहेत. टीचर कोणा बाईला वेल दाखवून सांगत होत्या, "इदि इन्स्पेक्टर गारि चिक्कुडु." म्हणजे, हा इन्स्पेक्टरसाहेबांचा वाल.

म्हणजे मीही तेच केलं, गिरजाबाईंचं नाव पुसून आपलं लावलं. मी धावत घरी आलो, मंगलाला म्हटलं, आत्ता जाऊन टीचरना सांग. ती म्हणाली, "गप्प बसा. तो आता तुमचाच. बिघडला तर बोलणं तुम्हाला बसेल." मला राहवेना. मी गिरजाबाईंच्या सुनेला फोन लावला, तिने तो गिरजाबाईंना दिला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, मावशी, तुमचं नाव गेलं, माझं लागलं.

पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

"साहेब, तुमच्या भितीवरच्या वालाले काय म्हनता?"

"गिरजाबाईंचा."

"मंग माहं नाव कुठी गेलं? हाय ना जागेवर." मग आवाज जरा खाली आला. "टीचरच्या वेलाले मावा तं नाई लागला?"

"पाहिलं नाही," मी म्हणालो.

"पाहून या जी," गिरजाबाई म्हणाल्या. "आता तुमचं नाव हाय त्याच्यावर."

फोन ठेवून मी चष्मा शोधला आणि टीचरच्या कुंपणाकडे निघालो.